पहिलं नाव कुणाचं

आमच्या वहिनींना शाळेतली पोरं ‘परतबाई’ म्हणतात. तोंडावर नाही, पण वहिनींना ते ठाऊक आहे, आणि मनातून आवडतंही. गणित दाखवलं की ‘परत कर’. धडा वाचला की ‘परत वाच, या वेळी मला ऐकू येईल असा’. घरीही तीच तऱ्हा. माझा भाऊ नावाजलेला शिंपी, गिऱ्हाईक त्याच्या दुकानापुढे रांग लावतं. पण घरच्या पडद्याची दुमड त्यालाही परत उसवावी लागते. तो बिचारा निमूट उसवतो. मी असतो तर पडदाच फाडला असता.

मी शाळेत फार टिकलो नाही. जे शिकलो ते भिंतींवरून, मोर्च्यांतून आणि रद्दीच्या दुकानातून. पत्रक लिहावं तर मीच, असं आमच्या भागात म्हणतात. निदान मी तरी म्हणतो. त्यामुळे वहिनींनी शिक्षणाच्या जर्नलला शोधनिबंध पाठवायचं ठरवलं, तेव्हा भाषा बघायला त्यांनी मलाच बोलावलं, यात नवल नाही.

निबंध होता त्यांच्या पाचवीच्या वर्गातल्या एका रीतीवर. मुलं गटानं काम करतात: पूल बांधणं, नकाशा काढणं, असलं काहीबाही. काम एकजण करतो आणि नावं पाचजणांची लागतात, हे जगभर चालतं. वहिनींच्या वर्गात नाही. तिथं नियम असा: ज्याला कामाखाली नाव हवं, त्यानं वर्गापुढे उभं राहून ते काम सांगायचं, आणि बाकीची पोरं विचारतील त्याला उत्तर द्यायचं. सांगेल त्याचं नाव. नाही जमलं तर शिक्षा नाही, टोमणा नाही. दुसऱ्या दिवशी परत यायचं. एवढं सगळं निबंधाच्या पहिल्याच पानावर स्वच्छ लिहिलेलं होतं. हे लक्षात ठेवा.

मी मसुदा हातात घेतला आणि शेवट जरा पेटवून दिला. वहिनींनी वाचला.

“भाऊजी, ‘हा डाव हाणून पाडा’ हा निष्कर्ष नसतो.”

“मग काय असतो?”

“‘असे दिसून येते’ असं काहीतरी.”

“दिसून येतं! अहो, दिसून आल्यावर माणूस गप्प बसतो का?”

“जर्नलात बसतो,” म्हणाल्या आणि माझ्या ओळीवर काट मारली. मग पुढच्या. मग पुढच्या पानावरच्या. संदर्भांची यादी, तक्ते, गोषवारा, सगळं त्यांनी जर्नलच्या नियमाबरहुकूम स्वतः बसवलं. मी चहा प्यायलो आणि वाद घातला.

अडलं ते शेवटी. शाळेत केलेलं संशोधन पाठवायला मुख्याध्यापकांचं परवानगीपत्र लागतं. मुख्याध्यापक माणूस वाईट नाही. फुकट मिळालेली गोष्ट नाकारायची त्यांना सवय नाही, इतकंच. मागच्या वर्षी वहिनींचीच वाचनाची कल्पना त्यांनी शिक्षकांच्या परिषदेत आपली म्हणून मांडली. वहिनींचा उल्लेख ‘आमच्या एक उत्साही शिक्षिका’ असा. त्या आठवडाभर घरात कुणाला ‘परत’ म्हणाल्या नव्हत्या, तेव्हाच मी ओळखलं होतं की घाव खोल आहे.

या वेळी ते म्हणाले, “सही काय, आत्ता करतो! पण पहिलं नाव संस्थेच्या प्रमुखाचं असतं, बाई. दुसरं तुमचं.”

मी उसळलो. “उद्या त्यांच्या खोलीपुढे धरणं धरतो. माणसं माझी.”

“तुम्ही धरणं धरून घरी जाल. मला रोज त्याच खोलीत हजेरी लावायची आहे.”

“मग काय, देणार नाव?”

“देणार की,” वहिनी शांतपणे म्हणाल्या. “वर्गाच्या नियमानं देणार.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांच्या टेबलावर निबंधाची प्रत ठेवली. “सर, पहिलं नाव तुमचंच. वाचून घ्या. पालकसभेत माझ्या वर्गात येऊन या कामावर चार शब्द बोला, पोरं काही विचारतील. मग तिथंच सही करा.”

साहेब खूश. पालक, फळा, माईक! आता मला सांगा, त्यांनी पहिलं पान जरी उलटलं असतं तरी त्या दिवशी त्यांना ताप आला असता. पण प्रत गेली फायलींच्या ढिगाखाली.

पालकसभेला मी पाहुणा म्हणून मागच्या बाकावर कोंबून बसलो. गुडघे हनुवटीला लागत होते. साहेब बोलले झकास. उज्ज्वल भविष्य आलं, कोवळी मनं आली, राष्ट्रही येऊन गेलं. टाळ्या पडल्या. ते पेन काढणार, एवढ्यात पहिल्या बाकावरून हात वर झाला. या पोरीला वर्गात ‘वकीलबाई’ म्हणतात.

“सर, निबंधात आमच्या गटाची फजिती लिहिली आहे. ती कुठली?”

साहेब हसले. “फजिती... तुम्ही गोंगाट केलात!”

“गोंगाट आम्ही रोजच करतो, सर. आमचा पूल पडला होता. तो का पडला, ते लिहिलंय.”

“हां हां, पूल! तो... कमकुवत होता.”

“कुठं, सर?”

पालक पुढे झुकले. साहेबांनी वहिनींकडे पाहिलं. वहिनी खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं बघत होत्या.

“काही हरकत नाही सर,” वकीलबाई समजुतीच्या सुरात म्हणाली, “आम्हालाही पहिल्यांदा नव्हतं आलं. उद्या परत या.”

मागून एक पालक ओरडला, “या हो सर! आमची पोरं रोज देतात ही परीक्षा!” आणि मग जो हशा पिकला तो आवरेना. साहेबही हसले; करतात काय? रुमालानं कपाळ टिपत म्हणाले, “अरे, मी तर नुसती परवानगी दिली!”

“मग तेच लिहू, सर,” वहिनी खिडकीवरून परतल्या. “परवानगीबद्दल आभार.” आणि परवानगीपत्र पुढे सरकवलं. भरल्या सभेत सही झाली.

मी जोरात टाळी वाजवली. तिथं माझं चुकलं. सगळी डोकी माझ्याकडे वळली.

“बाई, भाषेसाठी दुसरं नाव पाहिजे म्हणणारे काका हेच ना?” वकीलबाईनं विचारलं.

म्हणजे वहिनींनी तेही वर्गात सांगितलं होतं!

“काका, तुमचं एक वाक्य सांगा ना, जे निबंधात राहिलंय.”

मी तोंड उघडलं. कितीतरी वाक्यं ओठांवर आली, एकाहून एक जळजळीत, आणि प्रत्येकावर वहिनींची काट आठवली. तो निकाल अन्यायाचा होता, हे माझं मत आजही आहे. माणसाची सगळी वाक्यं कापायची आणि मग वाक्य विचारायचं?

निबंध गेला. काही महिन्यांनी परीक्षकांचा शेरा आला: काम चांगलं आहे, परंतु ही रीत प्रौढांवर चालते का, याचा पुरावा नाही. छापायचं तर त्यावर लिहा.

वहिनी इतक्या हसल्या की भावानं शिवणयंत्र थांबवलं. मग बसून त्यांनी एक परिच्छेद जोडला. नावं अर्थातच गुप्त, जर्नलचा नियमच तो. ‘प्रौढ एक यांनी प्रश्नांनंतर आपला सहभाग स्वतःच अचूक सांगितला. प्रौढ दोन यांना तो सांगता आला नाही, आणि ते अद्याप वाद घालत आहेत.’

“हे काय?” मी कडाडलो. “मी वाद घालतोय?”

“खोटं असेल तर काढते. सांगा, काय चुकलंय?”

निबंध छापून आला. वर नाव एकच. मुख्याध्यापक तो अंक टेबलावरच ठेवतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला आभाराच्या ओळीवर बोट ठेवून दाखवतात. त्यात त्यांचं नाव खरंच पहिलं आहे. त्याखाली मी, ‘भाषेविषयीच्या चर्चेबद्दल’.

आणि तो परिच्छेद? वहिनींनी विचारलं तेव्हा मी तो वाचला. परत वाचला. शेवटी एक स्वल्पविराम तेवढा काढा म्हणालो.

त्यांनी तो ठेवला.