हिनेकच्या बासाची अंत्ययात्रा

मासोपुस्तच्या, म्हणजे उपासाआधीच्या खाण्यापिण्याच्या सणाच्या, शेवटच्या मंगळवारी आमच्या मोराव्हियातल्या गावात डबल बासाची अंत्ययात्रा निघते. दुसऱ्या दिवसापासून ईस्टरपर्यंत उपासाचे दिवस, वाजवणं-नाचणं बंद. म्हणून वाजंत्र्यांच्या त्या माणसाएवढ्या थोरल्या तंतुवाद्याला पांढऱ्या चादरीखाली तिरडीवर निजवायचं, एकाने खोटा पाद्री व्हायचं आणि एखाद्या मिशीवाल्याने घागरा नेसून बासाची विधवा. विधवेनं छाती पिटत मयताची उणीदुणी काढायची. गाव पोट धरून हसतं.

यंदा मात्र पंचाईत झाली. बास वाजवणारा हिनेक पानगळीच्या दिवसांत खरोखरच गेला, आणि त्याची खरी विधवा, अपोलेना, गावातच होती.

अपोलेनाचा सगळा संसार त्या बासाच्या संगतीत झाला. हिनेकच्या सुतार बापाने तो घरीच घडवला होता. पुढची फळी स्प्रूसची, पाठ मेपलची, बाजूच्या पट्ट्या तापल्या नळीवर हळूहळू वाकवलेल्या. ती लग्न होऊन आली तर निजायच्या खोलीतली चांगली जागा बासाने आधीच अडवलेली. स्वयंपाकघरातल्या वाफेनं म्हणे त्याचे सांधे सुटतात! सवत आणलीस ती आणलीस, वर एवढी जाडी, असं ती नवऱ्याला पहिल्याच आठवड्यात म्हणाली. पण पुढे जुन्या रजईची त्याला खोळ तिनेच शिवली, आणि बर्फातून लग्नघरी जाताना बासाचं दुसरं टोकही तिनेच धरलं. व्हायोलिनवाले भाव खातात, खाऊ देत बापडे. बास थांबला की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

हिनेक गेल्यावर गावाने तिला काही कमी पडू दिलं नाही. कुणी सूप आणलं, कुणी लाकडं फोडून दिली. फक्त हिनेकचं नाव कुणी काढेना. तिने काढलं की लोक घाईघाईने कोंबड्यांवर नाहीतर हवेवर घसरायचे. हा कसला मेला चांगुलपणा! दुसऱ्याच्या तोंडून त्याचं नाव ऐकायला तिचा जीव तळमळत होता, आणि ते मागणार तरी कसं?

मंगळवारी सकाळी वाद्यवृंदाचा म्होरक्या मातौश दारात आला. टोपी हातात चुरगाळत म्हणाला, यंदा बासाला पुरायचं नाही असं ठरलंय, काकू, तुम्हाला त्रास नको.

"पुरला नाही तर ईस्टरला उठेल कसा?" अपोलेना म्हणाली. "आणि विधवा कोण होणार होतं?"

मातौश पुटपुटला, मीच.

"तुला काय जमणार रडायला? मी येते."

संध्याकाळी काळा रुमाल बांधून ती बासाची तिरडी मांडलेल्या गुत्त्यात शिरली. कुणी बशीतल्या डोनटकडे बघतंय, कुणी बुटांकडे. ती तिरडीजवळ जाऊन उभी राहिली. आज हे हसले नाहीत, तर हिनेकचं नाव या गावात पुन्हा कुणी घेणार नाही, एवढं तिला कळत होतं.

"अरे हिनेक," तिने गळा काढला, "माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात वाजवता वाजवता झोपलास रे! हात चालू होता म्हणून कुणाला पत्ता नाही लागला!"

माना आणखीच खाली गेल्या. मग कोपऱ्यातला म्हातारा लोहार खाकरला. "पत्ता कसा नाही? हिनेक घोरत होता. तेही तालात."

हास्याचा असा स्फोट झाला की खिडक्या हादरल्या. मग काय विचारता! हिनेक ओढ्यात पडला तेव्हा स्वतः गळ्यापर्यंत बुडाला पण बास वर धरला होता. हिनेकने पाद्रीबुवांची स्लिवोवित्सा, ती प्लमची कडक दारू, पळवली होती. सगळे एकदमच बोलू लागले. अपोलेना तिरडीच्या कडेला टेकली. हसता हसता तिच्या डोळ्यांना धार लागली. असा माणूस दिलास आणि असं गावही दिलंस, देवा, तुझे किती उपकार मानू, असं तिला झालं.

मातौश घाबरून वाकला. "काकू, थांबवू का यांना?"

"थांबवून तर बघ," डोळे न पुसताच ती म्हणाली. "अजून सांगा म्हणावं. नाव घेऊन सांगा."