ऋजुताची शेवटची काच

ऋजुता गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. तिच्या सुपरवायझर बोलत होत्या... सकाळी लॅबमध्ये चक्कर येऊन पडली, हॉस्पिटलला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मी ‘ओके, थँक यू’ म्हटलं आणि आत जाऊन उरलेलं प्रेझेंटेशन पूर्ण केलं. दीड महिना झाला. अजून रडू आलेलं नाही, आणि त्याची मला लाज वाटते.

ग्लासगोत आम्ही दोघी तीन वर्षं एका फ्लॅटमध्ये राहिलो. ती नागपूरची, पीएचडी करणारी. कशात, असं कुणी विचारलं की म्हणायची, "बेसिनच्या जाळीवर बुळबुळीत थर येतो ना, तो बायोफिल्म. त्यात दोन जातींचे बॅक्टेरिया एकत्र नांदवते अन् बघते, कोण कुणाला जगवतं, कोण कुणाचा काटा काढतं." "म्हणजे एकत्र कुटुंबच की गं!" मी चिडवायचे. काचेच्या पट्टीवरच्या त्या थराला रोज ताजं खाद्य द्यावं लागे, अगदी रविवारीसुद्धा. मंडळाच्या गणपतीत भरल्या पानावरून उठून गेली होती बया! "माझी उपाशी राहतील," म्हणे. मी तेव्हा जाम वैतागले होते.

ती गेली तेव्हा तिची एक काच चालू होती. शेजारच्या टेबलावरच्या कॅलमने कुणी न सांगता खाद्य देणं सुरू ठेवलं होतं; आता प्रयोग संपायला दोन दिवस उरले होते. बंद करायचं का, हे तिच्या आईला विचारशील का, असं सुपरवायझरनी मला विचारलं. व्हिडिओ कॉलवर काकू बराच वेळ चष्मा पुसत राहिल्या... मग म्हणाल्या, "दोनच दिवस राह्यले ना? मग होऊ दे बाई पूर्ण. पोरीचं अर्धवट नको राहायला."

दोन दिवसांनी मी लॅबमध्ये गेले. कॅलमने काच मायक्रोस्कोपखाली ठेवली. थरात बाहेरची बुरशी शिरली होती. "सॉरी, यातून आता काहीच कळणार नाही," म्हणाला आणि तोंड फिरवून रडला. मी त्याला टिश्यू दिला.

दुपारी काकूंचा फोन आला. "कोण जगलं गं?"

"दोघंही, काकू."

त्यांनी तिथूनच ऋजुताच्या बाबांना हाक मारून सांगितलं. मग सगळ्या नातेवाइकांना.

काकू, ही पुरवणी तुमच्या घरी येते, म्हणून इथे लिहिते. फोनवर माझ्याच्याने होणार नाही. काच वाया गेली होती. कोण जगलं, ते कुणालाच कळलं नाही.