बुर्माकानची बेवारस कामं

रोज सकाळी कोट काढायच्या आधी बुर्माकान एक काम उद्यावर ढकलायची. मग चहा ठेवायची आणि बिश्केकमध्ये कुठे कुठे लिफ्ट अडकली आहे, याचे फोन घ्यायला बसायची.

लिफ्टदुरुस्तीच्या त्या कंपनीत सगळी कामं सॉफ्टवेअरमध्ये नोंदली जात; एक इमारत म्हणजे एक प्रकल्प. बुर्माकानची स्वतःची कामं कुठल्याच इमारतीत बसत नव्हती. ती त्यातच एका कोपऱ्यात लिहायची, फक्त तिला दिसतील अशी. जर्दाळूचा मुरंबा. नवऱ्याच्या कबरीवरचं गवत. शनिवारी थोडं रडणे. झालं की खूण करायची, आणि तेवढ्यापुरतं आयुष्य हाताशी आल्यासारखं वाटायचं. वर्षभर खूण न झालेलं एकच होतं: आकेला सांगणे, मी काराकोलला येणार नाही. खाली आकेचा नंबर.

आके म्हणजे थोरला भाऊ, काराकोलला राहणारा ओमुर्झाक. ती विधवा झाल्यापासून त्यानं तिच्यासाठी खोली रंगवून ठेवली होती. नातवंडं सांभाळायला बहीण येतेय, असं गावभर सांगितलं होतं. थोरल्याला ‘नाही’ म्हणणं बुर्माकानच्या जिभेला ठाऊक नव्हतं. पण आपली इवलीशी जागा, हे फोन, ही माणसं सोडायची म्हटलं की ती ते काम पुन्हा उद्यावर ढकलायची.

वसंतात एल्दियार हा नवा साहेब आला. त्यानं सॉफ्टवेअरची झाडलोट केली आणि ज्यांना प्रकल्प नाही अशी सगळी कामं एका फळ्यावर आणली, सगळ्यांना दिसतील अशी. वर नाव दिलं: बेवारस कामं.

बेवारस काम दिसलं आणि हाताची घडी घालून बसला, असा किर्गिझ माणूस मिळायचा नाही. एकाची भिंत उभी करायची तर अख्खी गल्ली धावून येते. त्याला अशर म्हणतात, आणि अशर करताना कुणी विचारत बसत नाही. मेकॅनिकांनी कबरीवरचं गवत उपटलं, शेजारच्या कबरींवरचंही. हिशेबाच्या बाईंनी मुरंबा केला, दात हलतील इतका गोड.

“एजे, शनिवारचंही झालं,” सोमवारी एल्दियार म्हणाला. एजे म्हणजे ताई; कंपनीत सगळे तिला तसंच म्हणत.

“कुठलं?”

“रडणं. मीच रडलो. थोडंच, लिहिलं होतं तसं.”

“अरे, माझं रडणं होतं ते!”

“तुम्ही एकट्या किती करणार, एजे?”

तेवढ्यात सुयून मेकॅनिक हात पुसत आला. “तुमच्या आकेलाही सकाळीच सांगून टाकलं.”

बुर्माकाननं चहा खाली ठेवला. “काय सांगितलंस?”

“मोठ्या माणसाला एकदम कसं सांगणार? आधी हवापाणी विचारलं. मग म्हटलं, आके, जग दोन दिवसांचं, मन घट्ट करा. मग म्हटलं, बुर्माकान एजे आता काराकोलला येणार नाहीत. काही बोलले नाहीत बिचारे. फार समजूतदार माणूस!”

तिच्या लोकांत मरणाची बातमी अशीच देतात, हवापाण्यावरून, आडवळणानं. तिनं फोन लावला, पुन्हा लावला. ओमुर्झाक केव्हाच बिश्केककडे निघाला होता आणि आता घाटात होता; तिथे फोन लागत नाही.

दुपारी जिन्यातून हंबरडा आला. “माझी पाठची! माझी एकुलती!” ओमुर्झाक काठीवर वाकून, रिवाजाप्रमाणे मोठ्यानं रडत वर येत होता. मागे दोन पुतणे आणि त्यांच्यामध्ये मयताच्या जेवणाची मेंढी. मेकॅनिक उठले आणि त्याच्यासोबत रडू लागले. म्हाताऱ्या माणसाला एकटं रडू देणं बरं दिसत नाही.

दारात त्याला बुर्माकान दिसली. हंबरडा मध्येच तुटला.

“मेली नाहीस?”

“नाही, आके.”

त्यानं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, मायेनं कपाळ हुंगलं, मग ओरडला, “मग सामान बांध! खाली गाडी उभी आहे!”

सुयूननं तोंड उघडलं. बुर्माकाननं हात वर करून त्याला थांबवलं.

“हे माझं मला करू दे,” ती म्हणाली. मग भावाकडे वळली. “आके, मी येणार नाही.”

“जिवंत असून?”

“जिवंत असून.”

ओमुर्झाक जवळच्या खुर्चीत बसला. रडायचं तेवढं रस्त्यातच रडून झालं होतं. आता आणखी कशाला रडायचं, हे त्याला सुचेना. त्यानं टोपी काढली, पुन्हा घातली.

“खोलीला निळा रंग दिलाय,” तो म्हणाला.

“ठाऊक आहे, आके.”

त्यानं दारातल्या मेंढीकडे पाहिलं. शेवटी म्हणाला, “आणि या मेंढीचं काय करू?”

“कापा इथेच, अंगणात,” बुर्माकान म्हणाली. “पण चरबी बेताची ठेवा, सुयूनला पित्त होतं.”