बंबाचं बूड

गल्लीत घरोघरी गिझर आले, तरी आमचा तांब्याचा बंब होताच. बूड गळायला लागलं की गल्लीतलाच एक, डाग देऊन भोकं बुजवणारा यायचा, बंबावर टिचकी मारायचा आणि ओरडायचा, "मोडीत घाला की वैनी! ह्यात काय ऱ्हायलं न्हाय!" मला राग यायचा. आई शांतपणे म्हणायची, "डाग द्या."

आई गेली त्या सकाळीही बंब गळत होता. तो न बोलावता आला, डाग दिला, आणि स्मशानातून परतलेल्या शेवटच्या माणसाची आंघोळ होईस्तोवर लाकडं सारत बसला.

महिन्यानं मीच त्याला म्हटलं, "न्या आता मोडीत."

त्यानं टिचकी मारली नाही. गार बंबावर तळवा ठेवून, पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाला, "ऱ्हाऊ द्या की. आजून चालतोय."