हार घातलेलं सिलिंडर

आज नांदेडच्या ऑफिसात खंडेनवमीची पूजा झाली. आग विझवायच्या लाल सिलिंडरलाही कुणीतरी झेंडूचा हार घातला. त्या वासानं माझं डोकंच फिरलं.

पूर्वी मी लातूरला एका क्लासमध्ये शिकवायचे. तिथली सिलिंडरं मालकांच्या, म्हणजे आमच्या सरांच्या, केबिनमध्ये कुलपात असायची. "भाईर ठेवली की पोरं खेळतेत, मॅडम," म्हणायचे. सणालाही क्लास बंद नसायचा. त्या खंडेनवमीला सर सिलिंडरांची पूजा करून, किल्ली खिशात घालून औशाला गेले आणि दुपारी जिन्याखालच्या मीटरनं पेट घेतला. वर वर्ग खचाखच भरलेला, उतरायला जिना तेवढा एकच. शिपाई शकीलभाईंनी खुर्ची हाणून केबिनची काच फोडली, हारासकट सिलिंडर आणलं आणि आग विझवली. जिनाभर पांढरी पावडर, तीत झेंडूच्या पाकळ्या.

सर आले. पोरांचं विचारलंसुद्धा नाही.

"पूजेला लावलेली वस्तू आजच्या दिवशी हलवतेत का? अन् काच कुणी फोडली?"

"सर, वर पोरं जळाली असती ना," शकीलभाई म्हणाले.

तेव्हा आम्ही दोघं मागं जाऊन पोट धरून हसलो होतो. आता आठवलं की अंगाची लाही होते. दसरा झाल्यावर सरांनी फुटक्या काचेच्या जागी लोखंडी पत्रा ठोकून घेतला. सिलिंडरं आतच.