श्रीरंगची रुंद चाकं

श्रीरंग माझा शेजारी, हिंदी मुलखातल्या गढा या आमच्या वस्तीत, आमच्याच गल्लीतलं तिसरं घर. चौतीस वर्षं तो संरक्षण कारखान्यात तपासणीस होता. दुसऱ्यांनी केलेलं काम मापायचं, बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर परत पाठवायचं, ही त्याची नोकरी. तिथला एक नियम त्याच्या हाडीमाशी खिळला होता: आपल्या हातचं काम आपण पास करायचं नाही. नोकरी संपली, नियम काही संपला नाही. या माणसावर मी जितका चिडलो तितका सख्ख्या भावावरही चिडलो नसेन.

घराच्या पडवीत त्याची जुनी फियाट उभी असते. पाव मैल सरळ सुसाट पळायच्या शर्यतीसाठी अकरा वर्षं खपून त्यानं ती तयार केली. इंजिन झालं, ब्रेक झाले, पण गाडी शर्यतीत एकदाही धावली नाही. विचारलं की म्हणायचा, "अरे बंडू, तपासली कोणी? मीच बनवली, मीच कशी पास करू?" त्याच्या लेखी गल्लीत कोणालाच काही कळत नव्हतं. मला तर नाहीच.

यंदा मात्र त्याला घाई झाली. डावा गुडघा कामातून गेलेला, दिवाळीनंतर ऑपरेशन, आणि पुढे क्लच दाबता येईल याची हमी द्यायला डॉक्टर तयार नव्हते. धावायचं तर आत्ताच. सिहोऱ्याकडे वाहतुकीला न उघडलेल्या एका रस्त्यावर शर्यत ठरली, आणि तिथे गाड्या तपासायला खास माणूस असणार होता. हे कळल्यावर श्रीरंगचा चेहरा खुलला.

मग त्यानं मागची चाकं रुंद करायला घेतली. अरुंद टायर सुटताना जागीच गरगरतात, रुंद टायर रस्ता धरतात, एवढं त्यानं मला शिकवलं. लेथवर काम करणाऱ्या नथ्थू खरादवाल्याकडून चाकांच्या रिमा कापून, जोडून रुंद करून घेतल्या. टायर नागपूरहून आणले. टायर बाहेर पत्र्याला लागू नये म्हणून पत्रा ठोकून वळवला. आत कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पट्ट्यांपासून बोटभर फट हवी. वजन पडल्यावर गाडी किती दबते ते पाहायला त्यानं आपल्या जागी वाळूची पोती ठेवली आणि शेजारी बायकोला बसवलं. अनसूयावहिनी तासभर गाडीत बसून लसूण सोलत होत्या. फट बोटभर भरली. "आता तिथला माणूस पाहील," श्रीरंग म्हणाला.

शर्यतीच्या दिवशी गाडी छोट्या ट्रकवर चढवून नेली. तपासणारा अनुपम नावाचा तिशीचा गडी होता. त्यानं हेल्मेट पाहिलं, पट्टा ओढला, मागच्या टायरवर थाप मारली आणि काचेवर स्टिकर चिकटवला. "बढ़िया, अंकल! लाइन में लगिए."

श्रीरंग उतरला. "भैया, आपने पीछे हाथ डाला ही नहीं. अंदर का गैप देखिए."

"ठीक है, अंकल. पास कर दिया."

"देखे बिना?"

मागे वीस गाड्या खोळंबल्या होत्या. अनुपमनं हात जोडले आणि पुढच्या गाडीकडे वळला. श्रीरंगनं नखानं कोपरा धरून स्टिकर सोलून काढला. मी ओरडलोच, "काय करून राहिला बे? पास झाली ना गाडी!"

"पाहिलीच नाही त्यानं, बंडू. हा पास नाही."

वहिनींनी पदर खोचला, खाली बसून टायरमागे हात घातला. मनगटापर्यंत काळा झालेला हात वर करून म्हणाल्या, "बोट जाते. मी तपासली. चला, बसा आता."

"तुला माप कळत नाही, अनसूया."

वहिनी उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "लग्नाला चाळीस वर्षं झाली. माझ्या हातचं एक काम तरी बरोबर म्हटलं का तुम्ही? आज मी तुम्हाला पास करून राहिली, तर तेही चालत नाही."

लाउडस्पीकरवर श्रीरंगचा नंबर पुकारला.

"समजते गं मला," तो म्हणाला. "पण पाय उचलतच नाही. काय करू? यातून निघताच येत नाही मला."

नंबर पुन्हा पुकारला. मला त्याची चीड आली आणि रडूही आलं. वहिनींनी त्या काळ्या हातानंच गाडीचं दार उघडून धरलं. तिसऱ्यांदा पुकारल्यावर अनुपमनं मागच्या गाडीला पुढे यायची खूण केली, आणि श्रीरंगनं लंगडत बाजूला होऊन तिला वाट करून दिली.