भांडणाचं बाक

आमच्या शाळेच्या जिन्यात प्रत्येक पायरीवर एकेक मूल्य रंगवलेलं आहे. सुरुवात समतेपासून. मग सहकार्य, सौजन्य, श्रमप्रतिष्ठा असं चढत चढत माणूस वक्तशीरपणापाशी पोहोचतो, म्हणजे उशिरा येणाऱ्याला तो सगळ्यात शेवटी भेटतो. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे आमच्या मोठ्या बाईंनी, हौसेने पेंटर बोलावून हे करून घेतलं. आठवड्याभरात पोरांनी त्याचा खेळ केला. सहिष्णुतेवर पाय पडला की आउट.

शाळा लालबागला, चाळीला खेटून. मी फणसवाडीतून बस पकडून येते आणि चौथीला शिकवते. माझा वर्ग म्हणजे मुंबईची मिसळ. आजोबा गिरणीत होते असं सांगणारी मालवणी पोरं, मसाला कुटायच्या डंकावर काम करणाऱ्या बायकांची मुलं, एक इस्त्रीवाल्याचा मुलगा, आणि शिवडीच्या कोळीवाड्यातली एक मुलगी, जिचा आवाज अख्ख्या मजल्याला पुरतो. यांचं एकमेकांशी पटतं का? पटतं. पण दिवसातून दहा वेळा फाटतं आणि प्रत्येक वेळी माझ्या टेबलाशी येऊन फाटतं. ‘बाई, हा बघा ना’ हे वाक्य मी झोपेतही ऐकते.

राग माझ्या नाकावर असतो, हे मला लग्नाच्या आधीपासून सांगण्यात आलेलं आहे. एके दिवशी असाच तो अनावर झाला आणि मी वर्गाला नियम घातला. यापुढे जे दोघं भांडतील त्यांनी छोट्या सुट्टीत खिडकीजवळच्या बाकावर शेजारी बसायचं, दोघांचे डबे मध्ये उघडायचे आणि एकत्र खायचे. घरून मनाई असेल तो पदार्थ सोडावा, पण बाक सोडायचं नाही. डबे रिकामे झाल्यावर भांडण उरलंच असेल, तर खुशाल पुढे चालू करावं.

नियम लागू पडला. माझ्या टेबलाशी येणारी गर्दी ओसरली. मोठ्या बाई खूश झाल्या आणि त्यांनी त्याला ‘उपक्रम’ म्हटलं. शाळेत एखाद्या गोष्टीला उपक्रम म्हटलं की तिचा फोटो काढावा लागतो, तसा तो काढला. वरच्या ऑफिसातून आलेल्या साहेबांनी बाक बघितलं, मान डोलावली आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. मी दोन दिवस हवेत होते.

त्याच सुमारास एक नवीन मुलगी वर्गात आली. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका टॉवरमध्ये तिचे वडील रात्रपाळीचे वॉचमन. मूळ बिहारचे. बायको आणि धाकटं मूल गावी, ही एकटी बापाबरोबर इथे. नाव घालायला आले तेव्हा ड्युटीवरून थेट आले होते, अंगावर युनिफॉर्म तसाच.

‘‘मॅडम, गांव में स्कूल दूर है. पांचवी के आगे लडकी को कोई भेजता नहीं,’’ ते म्हणाले. ‘‘इसलिए यहां लाया. दिवाली तक देखते हैं. मन लगा तो ठीक, नहीं तो मां के पास छोड आऊंगा. अकेली रोती रहेगी तो मैं भी क्या करूं?’’

मी त्यांना छातीठोकपणे सांगितलं की आमच्याकडे मुलं रमतात. आमचे उपक्रम आहेत.

मुलगी शहाणी होती. इतकी शहाणी की मला थोडा संशय यायला हवा होता. मराठी भराभर उचललं तिने. पाढे चोख. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. गणपतीची सुट्टी झाली, नवरात्र आलं, तरी तिची एकही तक्रार नाही आणि तिच्याबद्दल कुणाची एकही नाही. वडील मध्ये एकदा विचारायला आले, तर मी म्हटलं, ‘‘बहुत अच्छी है. आज तक किसी से झगडा नहीं.’’ ते बिचारे हात जोडून गेले. आणि मी, वीस वर्षं शिकवत आलेली बाई, त्या वाक्यावर खूश होते.

इकडे कोळ्यांच्या मुलीची भांडणं मात्र वाढत चालली होती. आज या मुलाशी, उद्या त्या मुलीशी, रोज बाकावर हीच. मोठ्या बाई म्हणाल्या, हिच्या आईला बोलावून घ्या. मी बोलावणारही होते. तेवढ्यात एका सकाळी मी वर्गाबाहेर वह्या घेऊन उभी असताना आतलं संभाषण कानावर आलं. मालवणी मुलगा तिला म्हणत होता, ‘‘तुझी वेणी वाकडी हाय.’’

‘‘आज नको रे,’’ ती म्हणाली. ‘‘आज डब्यात बटाटा आहे. कोळंबी उद्या.’’

‘‘मग र्‍हाऊ दे. उद्या भांडू.’’

‘‘उद्या तुझा नंबर नाय. उद्या इस्त्रीवाला भांडणार आहे. तू परवा ये.’’

मी तिथेच भिंतीला टेकले. तिची आई पहाटे मासळी आणायला धक्क्यावर जायच्या आधी डबा भरून ठेवायची, तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं सुकं, आणि त्या सुक्याचा वास उघडल्याबरोबर फळ्यापर्यंत यायचा हे मलाही माहीत होतं. आता कळलं की माझ्या वर्गात महिनोन् महिने एकही खरं भांडण झालेलं नव्हतं. चाललं होतं ते जेवणाचं बुकिंग. मालवण्याच्या घावन्यांसाठी वेगळी भांडणं, डंकावरच्या मुलीच्या मिरचीच्या लोणच्यासाठी वेगळी. ज्या मुलाच्या घरी मासे चालत नाहीत तोसुद्धा कोळणीशी भांडत होता, नुसत्या भाकरीसाठी. फोटो काढून घेतलेला माझा उपक्रम!

आत गेले ती वाघिणीसारखी. सगळ्यांना उभं केलं. लबाडांनो, मला फसवता, साहेबांना फसवता, खोटी भांडणं भांडता! पोरं माना खाली घालून हसत होती, ते मला दिसत होतं, म्हणून आवाज आणखी चढला. शेवटी जाहीर केलं, ‘‘उद्यापासून नियम बंद. बाक बंद. ज्याने त्याने आपापल्या जागी आपापला डबा खायचा.’’

तेव्हा मागच्या बाकावरून ती वॉचमनची मुलगी उठली आणि सरळ माझ्या टेबलापाशी आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

‘‘बाई, उद्यापासून नका ना बंद करू,’’ ती म्हणाली. ‘‘माझं अजून एकदा पण नाही झालं.’’

‘‘काय नाही झालं?’’

‘‘भांडण. माझ्यासोबत कोणीच करत नाही.’’

तिच्या डब्यात काय असतं ते मी तोवर कधी बघितलंच नव्हतं. साखर घालून गुंडाळलेली पोळी. रोज तीच. रात्रभर गेटवर बसून आलेल्या बापाला सकाळी तेवढंच जमायचं. त्या डब्यासाठी कोण कशाला वेणीला नावं ठेवील? माझ्या नियमाने अख्ख्या वर्गाला जेवायला जोडीदार दिला होता आणि हिला तेवढं बाहेर ठेवलं होतं. आणि मी तिच्या बापाला त्याचंच कौतुक सांगून बसले होते. मला माझी लाज वाटली.

कोळीण दुसऱ्या बाकावरून ओरडली, ‘‘मग आधी सांगायचं ना गं!’’

बाक बंद झालं नाही. उलट दुसऱ्या दिवशी त्या मुलीशी भांडायला रांग लागली. पण पोरांची पंचाईत झाली, कारण हिला भांडताच येत नव्हतं. मालवणी म्हणाला, तू माझ्या सावलीवर पाय दिलास. ही म्हणाली, ‘‘सॉरी.’’ इस्त्रीवाल्याच्या मुलाने तिची पट्टी लपवली. ही म्हणाली, ‘‘राहू दे तुला.’’ डंकावरची मुलगी म्हणाली, तू माझ्याकडे बघून हसलीस. ही आणखी हसली. दोघांना राग आल्याशिवाय भांडण धरायचं नाही, असा पोटनियम माझा ओरडा खाल्ल्यावर पोरांनी स्वतःच केलेला होता आणि त्यात ते पक्के होते. चार दिवस गेले. दिवाळीची सुट्टी पुढ्यात आली. तिचे वडील शनिवारी येणार होते, काय ते ठरवायला. मला गणित शिकवताना घाम फुटत होता.

गुरुवारी छोट्या सुट्टीत कोळणीने हिचा डबा उघडून पाहिला. पोळी बाहेर काढली, उलगडली, सगळ्या वर्गाला दाखवली.

‘‘ही पोळी आहे की श्रीलंका? तुझ्या पप्पांना लाटता पण येत नाय?’’

वर्ग हसला. पुढचं सगळं इतक्या वेगाने झालं की मी खुर्चीतून उठेपर्यंत कोळणीची वेणी त्या मुलीच्या मुठीत होती. ‘‘मेरे पापा को कुछ मत बोल! सोते नहीं हैं वो, सोते नहीं!’’ मराठी पार विसरली होती. कोळणीनेही काही हात आखडता घेतला नाही. दोघींना सोडवताना माझ्या चष्म्याची काडी गेली.

‘‘बाई, हे खरं आहे!’’ मालवणी किंचाळला. त्याच्या आवाजात निखळ आनंद होता.

दोघींना बाकावर बसवलं. डबे मध्ये. फक्त नाकाचे आवाज. कोळणीने रागारागात श्रीलंकेचा तुकडा तोडला आणि चावायला लागली. चावता चावता तिचा चेहरा बदलला. साखरेबरोबर आत तूप होतं, बडीशेप होती. तिने दुसरा तुकडा घेतला. मग स्वतःचा डबा इंचभर पलीकडे सरकवला, पण मान खिडकीकडेच. हिने भाकरी घेतली, कोळंबी घेतली, डोळ्यांतून पाणी आलं. मसाल्याने की आणखी कशाने ते मी विचारलं नाही. डबे रिकामे झाले आणि दोघींनी जाहीर केलं की भांडण मिटलेलं नाही. शुक्रवारीही नाही. शुक्रवारी हिच्या डब्यात पोळ्या दोन होत्या, हे मात्र मी बघितलं.

शनिवारी वडील आले. मुलीच्या गालावरचा ओरखडा त्यांनी आधीच पाहिलेला होता. माझ्यासमोर उभे राहिले, टोपी हातात.

‘‘मॅडम, मारपीट हुई? इसने किया?’’

मी खोटं का बोलू? ‘‘हां, इसने शुरू किया,’’ मी म्हटलं. कशावरून ते सांगितलं नाही. मुलगी माझ्याकडे बघत होती, तिलाही ते सांगायचं नव्हतं.

त्यांचा चेहरा पडला. ‘‘मतलब मन नहीं लगा. ठीक है. टिकट निकाल लेता हूं.’’ मग तिच्याकडे वळून, अगदी हळू, ‘‘चलेगी ना, मां के पास?’’

‘‘नहीं,’’ ती म्हणाली. ‘‘अभी नहीं जा सकती, पापा. अभी झगडा चालू है.’’

त्यांना काहीच कळलं नाही. ते माझ्याकडे बघायला लागले. मी चेहरा जमेल तितका कडक केला आणि म्हटलं, ‘‘मामला गंभीर है. दिवाली के बाद इसको रोज भेजना पडेगा.’’